फुंकणी नावाची गाडी आणि इतर जंगम मालमत्ता

मी, घरात आणि गॅरेजात भिंगरी या नावाने ओळखला जाणारा, वय सव्वीस, शिक्षण सातवी (सातवीला दोनदा बसलो, म्हणजे मेहनतीने आठवी), धंदा मोटारसायकल दुरुस्ती, मुक्काम घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. चहा सोडून काही प्यायलेलो नाही. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही असं म्हणायची पद्धत आहे, पण पहिल्याच परिच्छेदात खोटं कशाला लिहू? धावपट्टीवरच्या बाईंच्या दबावाखालीच लिहीत आहे.

कारण असं. गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी आहे. तिथे आता विमानं उतरत नाहीत, गाड्यांच्या शर्यती होतात. बाई तिथल्या कारभारी. घरी बनवलेलं इंजिन आणणाऱ्याने शुक्रवारी पाचच्या आत दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्र जमा करायचं, नाहीतर गाडी पट्टीवर चढत नाही. पूर्वी एक स्वार गेला तेव्हा त्याच्या मोडक्या गाडीवरून तीन भाऊ तिथेच एकमेकांची गळपट्टी धरून उभे राहिले. तेव्हापासूनचा हा नियम.

मी म्हणालो, “बाई, माझ्याकडे द्यायला काहीच नाही.”

बाई वर न बघता म्हणाल्या, “मग लवकर लिहून होईल.”

रविवारी सकाळी माझी गाडी पहिल्यांदा पूर्ण जोराने धावणार आहे. दोन वर्षं जेवणाच्या सुट्ट्या घालवून ती बनवली. रविवार चुकला तर पुढची शर्यत वर्षाने. म्हणून लिहितो.

कलम १. घर. नाही. भाड्याच्या खोलीत एक पलंग आहे, त्यावर दिवसा रात्रपाळीचा सोबती झोपतो आणि रात्री मी. माझ्या पश्चात त्याने दिवसरात्र झोपावं. उशी माझी आहे, तीही त्यालाच. तसाही तो तिच्यावर लाळ गाळतोच.

कलम २. बँकेतली सगळी शिल्लक आईला. रक्कम लिहीत नाही. लिहिली तर आई रडेल आणि दादा हसेल. आईला एवढंच सांगावं की मी वेळेवर जेवत होतो. हे खोटं आहे, पण ते मी लिहिलेलं नाही, सांगणाऱ्याने सांगितलेलं आहे.

कलम ३. थोरला भाऊ, म्हणजे दादा. दादाने मी तापाने पडलो असताना माझी पहिली सायकल मला न विचारता भंगारवाल्याला दिली. का विचारलं तर म्हणाला, “तिला ब्रेक कुठे होते?” ब्रेक नव्हते हे खरं आहे. पण माझ्या चपला होत्या. शाळा सोडली तेव्हाही हाच म्हणाला होता, “जन्मभर नट आवळत बसशील.” तसंच झालं, पण दादाला वाटतं तेवढं ते वाईट नसतं. सायकल मी माफ केली. ते ज्या पद्धतीने सांगितलं, ती अजून माफ केलेली नाही. दादाला माझं हेल्मेट द्यावं. डोकं तो दुसऱ्या कशासाठी वापरत नसला तरी शाबूत राहावं.

कलम ४. हत्यारं. पान्यांची पेटी, दोन पक्कडी, माझ्या हाताला बसलेला लाकडी मुठीचा हातोडा, हे सगळं उस्तादांना. उस्ताद म्हणजे गॅरेजचे मालक. मी इथे आलो तेव्हा त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला, “हात दाखव.” हात बघून कामावर घेतलं. पेटीतला बारा नंबरचा पाना मुळात त्यांचाच आहे. वर्षभर शोधताहेत. आता सापडेल.

कलम ५. गाडी. तिचं नाव फुंकणी. नाव धाकट्या बहिणीने ठेवलं. घरात बहिणीला चिमणी म्हणतात, आवाज मात्र भोंग्याचा आहे. ती बेकरीची पावाची गाडी चालवते आणि अजून एकही पाव उशिरा पोचलेला नाही, यावरून ती कशी चालवते ते समजावं.

फुंकणीची हकिगत थोडक्यात. ट्रकच्या इंजिनात हवा कोंबायला एक टर्बो असतो, छोटं पंख्याचं चाक. तसला एक भंगारात मिळाला. त्याच्या पुढे आग विझवायचं लाल नळकांडं जोडलं, त्यात रॉकेल जाळलं. आगीचा वारा चाक फिरवतो, चाक आणखी हवा आत ओढतं, हवेने आग भडकते, असं एक दुसऱ्याला चढवत नेतं. याला टर्बाइन म्हणतात. उरलेला वारा दुसऱ्या मोठ्या चाकावर सोडला, ते चाक गियरला, गियर साखळीला आणि साखळी मागच्या टायरला. मूठ पिळली की गाडी आधी थोडा विचार करते, मग एकदम निघते. मी अगदी उलटा आहे.

धावपट्टीच्या तपासनीसांनी बुधवारी गाडी तपासली. स्वतः जुने स्वार. स्वाराच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पडला की दोरी सुटावी आणि इंजिन बंद व्हावं, नाहीतर गाडी एकटीच लोकांत घुसते. त्यांनी बंद गाडीवरच दोरी ओढली, ठिणगी तुटली हे पाहिलं, टाकीवर खडूने बरोबरची खूण केली. “पास.”

गाडी चिमणीला. फोनवर तसं सांगितलं.

“चिमणे, मी गेलो तर फुंकणी तुझी.”

“आणि नाही गेलास तर?”

“तर माझी.”

“म्हणजे माझा तोटाच. बरं, चालवायची कशी ते लिहून ठेव. तू निम्मं बोलतोस आणि निम्मं हातवाऱ्यांनी सांगतोस. फोनवर मला हात दिसत नाहीत.”

म्हणून लिहितो. चिमणे, आधी वंगणाचा पंप चालू कर. तो सगळ्यांच्या आधी चालू आणि सगळ्यांच्या शेवटी बंद, हे विसरलीस तर चाक जाम होईल. मग पाचोळा उडवायच्या यंत्राने आत हवा मार. चाक फिरायला लागलं की ठिणगी दे, मग रॉकेलचा पंप. फूप् असा आवाज येईल, दचकू नको. शिट्टी चढत गेली की ठिणगीचं काम संपलं. ती बंद केलीस तरी चालतं, आग आता आपली आपणच जळत राहते. थांबायचं तर डाव्या मुठीवरचं बटण, त्याने रॉकेल बंद होतं. आणि पडलीस तर घाबरू नको, मनगटाची दोरी सुटेल आणि ठिणगी तोडेल.

हे वाक्य लिहिलं, आणि त्याच्या वरची वाक्यं वाचली. पुन्हा वाचली. वही तशीच उघडी ठेवून उठलो.

गुरुवारची जेवणाची सुट्टी होती. फुंकणी स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी. पेटवली. शिट्टी चढली. दोरी ओढली.

उस्ताद डबा खात होते. घास गालात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “ओढलीस का?”

मी सुटलेलं टोक दाखवलं.

“मग ही का गातेय?”

मी डाव्या मुठीवरचं बटण दाबलं तेव्हा कुठे ती गप्प झाली. दोन वर्षं मी ती याच बटणाने बंद करत आलो, त्यामुळे कधी कळलंच नाही. आम्ही सगळे पेट्रोलवाले. ठिणगी तोडली की इंजिन मेलं, हे हाताला पाठ. बनवताना माझ्या हाताने तेच केलं, तपासताना तपासनीसांच्या हाताने तेच पाहिलं. टर्बाइनला ठिणगी फक्त पेटताना लागते, हे मी चिमणीला लिहून दिलं तेव्हा मलाच कळलं. रविवारी पडलो असतो तर मी इकडे आणि फुंकणी रॉकेल पीत लोकांकडे.

दोरीच्या वायरी दोन होत्या. ठिणगीवरून काढल्या, रॉकेलच्या पंपावर लावल्या. दहा मिनिटांचं काम. पण पास झालेल्या गाडीची एक वायर जरी हलवली तरी खूण रद्द होते, आणि तपासणी बुधवारीच संपली.

उस्ताद म्हणाले, “गाडी आता बरोबर आहे. खूण टाकीवर आहे. तोंडात मूग धर आणि रविवारी पळव.”

“उस्ताद, रेडिओवाल्याचं काय?”

रेडिओवाला म्हणजे दुसरा टर्बाइनवाला, पट्टीवर आम्ही दोघेच. माझं लाल नळकांडं बघून हाच सगळ्यांसमोर म्हणाला होता, “आग विझवायच्या डब्यात आग लावणारा हा पहिलाच शहाणा.” लोक हसले होते. मीही हसलो होतो, पण नंतर आठवडाभर त्याच्याशी बोललो नव्हतो. त्याच्या मनगटाची दोरीही ठिणगीलाच बांधलेली. तपासनीसांच्या त्याच हाताने पास.

उस्तादांनी डब्याला झाकण लावलं. “जा,” म्हणाले, “आणि सांगताना माझ्या गॅरेजचं नाव मधे आणू नकोस.” मग स्वतःच टेम्पो काढला, फुंकणी मागे चढवली आणि शेजारी येऊन बसले.

पट्टीवर पोचून तपासनीसांना सगळं सांगितलं. मला वाटलं, गेला रविवार. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, माझ्या टाकीवरची खूण पुसली, तसेच जाऊन रेडिओवाल्याच्या टाकीवरची पुसली. तो भडकला. “हा भिंगरी मला पट्टीवरून काढायला बघतोय!”

तपासनीस म्हणाले, “त्याने आधी स्वतःलाच काढलंय. गाडी पेटव आणि दोरी ओढ.”

त्याने पेटवली, ओढली. गाडी तोंडाला येईल तशी ओरडत राहिली. रेडिओवाल्याचा चेहरा रॉकेलच्या डब्यासारखा झाला, रिकाम्या. मग कोणाकडे न बघता त्याने हात पुढे केला. “पक्कड आहे का रे?” मी दिली.

बाईंनी नियमांची वही काढली, चाळली, मिटली. म्हणाल्या, “शुक्रवारी सकाळी दोघांची तपासणी पुन्हा. आणि नवा नियम मी वहीत लिहून घेते. यापुढे टर्बाइनची दोरी पेटत्या गाडीवरच ओढायची.”

कलम ५ ची दुरुस्ती. चिमणे, पडलीस तर दोरी रॉकेल तोडेल. हे मी आता करून पाहून लिहितो आहे. आज सकाळी दोन्ही टाक्यांवर नवी खूण झाली.

कलम ६. यात लिहायचं राहिलेलं सगळं, म्हणजे मोजे वगैरे, ज्याला बसेल त्याचं.

हे मृत्युपत्र मी वाचलं, मला कळलं, त्यातल्या खाडाखोडी माझ्या आहेत. यापूर्वी दुसरं कधी केलेलं नाही. यानंतर पुष्कळ करायचा विचार आहे.

ठिकाण: धावपट्टीवरची कचेरी, बाईंच्या टेबलाचा कोपरा
दिनांक: शुक्रवार, दुपारी चार

सही: भिंगरी

साक्षीदार पहिला. मी गॅरेजचा मालक. मजकूर माझ्यासमोर वाचला, सही माझ्यासमोर झाली. दोरी मी स्वतः तीनदा ओढली, तिन्ही वेळा गाडी विझली. चौथ्यांदा ओढू दिली नाही, रॉकेल माझं आहे. सही: उस्ताद

साक्षीदार दुसरा. मी रेडिओ दुरुस्त करतो आणि टर्बाइन चालवतो. मजकूर वाचला, माझ्याविषयी लिहिलेलं खरं आहे, नळकांड्याविषयी मी अजूनही तेच म्हणतो. सही करतो आहे, पण हा कागद रविवारी लागू पडता कामा नये. रविवारी मी याला हरवणार आहे, आणि हरलेला माणूस जिवंत लागतो. सही: रेडिओवाला