यादीत माझं नाव वर

८ फेब्रुवारी २०१०
अग्निशमन दलाच्या भरतीचा अर्ज परत आला! वय बत्तीसच्या आत हवं, मी चौतीसची. दुपारीच सिटी हॉल गाठला. खिडकीत अमरालबाई होत्या. त्यांना म्हटलं, नियमावलीचं पुढचं पान वाचा. सैन्यातली वर्षं वयातून वजा होतात, जास्तीत जास्त चार. माझी बरोबर चार आहेत. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
"म्हणजे तुम्ही तीस वर्षांच्या."
"कागदावर," मी म्हटलं. अर्ज घेतला त्यांनी.

९ फेब्रुवारी
परीक्षा दोन वर्षांनी एकदा होते. पुढच्या वेळी वजाबाकी करूनही मी बसत नाही. ही एकच संधी.
इराकमध्ये आमच्या ताफ्यातला पुढचा ट्रक पेटला, तेव्हा माझ्या हातात आग विझवायचं एक छोटं सिलिंडर होतं. ते संपलं. ट्रक जळतच होता. परत आल्यापासून गोदामात फोर्कलिफ्ट चालवते. पुरे झालं.

१४ फेब्रुवारी
डुआर्तेला सांगितलं. चोवीस वर्षांचा धाकटा भाऊ माझा, पण या कामात मला सीनियर. सहा वर्षं गावच्या बंबावर हंगामी आहे. बोलावणं आलं की ताटावरून उठतो. कायम नोकरीसाठी तोही परीक्षेला बसतोय. वाटलं, रागावेल. उलट खूश झाला. म्हणाला, शिडी मी शिकवतो, अभ्यासाचं तुझं तू बघ.

१७ एप्रिल
परीक्षा दिली. गणित बरं गेलं. पंपाच्या दाबावरचे दोन प्रश्न चुकले बहुतेक.

२० ऑगस्ट
डुआर्तेला शहाण्णव, मला एक्क्याऐंशी. माईनं गोड पाव भाजला, त्याच्यासाठी. दिवसभर मला 'एक्क्याऐंशी' म्हणून हाक मारत होता.

६ ऑक्टोबर
यादी लागली. पहिली मी. दुसरा डुआर्ते. जागा एक.
नियम असा: माजी सैनिक नुसता पास झाला तरी बाकी सगळ्यांच्या वर. मला ठाऊक होता. त्यालाही होता. पण जागा तीन-चार निघतील असं आम्ही धरून चाललो होतो.

७ ऑक्टोबर
माईकडे जेवायला गेले. डुआर्ते सूप अर्धं टाकून उठला. रागानं नाही, नुसताच. तो गेल्यावर माई म्हणाली, "तू नाव मागे घे. तो सहा वर्षं तिथं राबतोय."
मी म्हटलं, मीही चार वर्षं राबले.
"त्यानं तुला शिडी धरायला शिकवली गं," ती म्हणाली. मग भांडी घासायला लागली. मी पुसत उभी राहिले.

८ ऑक्टोबर
अमरालबाईंना विचारलं, सैनिक म्हणून मिळालेली जागा सोडून एक्क्याऐंशीवाली म्हणून खाली राहता येईल का? नाही. एक तर वर राहा, नाही तर बाहेर पडा.
घरी येऊन विचार केला. तो पुन्हा बसू शकतो, तीन वेळा बसू शकतो. मी नाही. नियम मी केला नाही. त्यातली वर्षं मात्र मी भरली.
नाव मागे घेणार नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या बदलायला नको.

९ ऑक्टोबर
बदललं नाही.

२४ ऑक्टोबर
जुन्या शाळेच्या जिन्यावर पाठीला वजन बांधून चढले, मग चाचणीत माणूस म्हणून ओढायचा असतो तसा वाळूचा पुतळा ओढत होते. डुआर्ते येऊन खालच्या पायरीवर बसला. सतरा दिवसांनी तोंड दिसलं. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "पुतळा पाठीनं ओढतेस. मांड्यांनी ओढ. नाही तर तिथंच बसशील."
घड्याळही त्यानंच धरलं. यादीचा विषय दोघांनीही काढला नाही.

१३ नोव्हेंबर
शारीरिक चाचणी. जिना, पाण्याचा होज पाइप, दार फोडणं, पुतळा. पुतळ्याशी आल्यावर पाय संपले होते. मांड्यांनी ओढला. पास! डुआर्तेच्या बंबावरच्या कॅप्टन पाशेकोंनी हात मिळवला. म्हणाले, भावाला सांगा, शिकवणी चांगली झाली.

६ डिसेंबर
नेमणुकीचं पत्र. माईला वाचून दाखवलं. तिनं घडी घालून मला परत दिलं, आणि कपाळाला ओठ टेकवले. डुआर्ते घरी नव्हता. बोस्टनला गेलाय म्हणाली, कशाला ते तिलाही माहीत नाही.

७ डिसेंबर
डुआर्ते सैन्यात भरती झाला. सही करून आलाय, चार वर्षांची. मी त्याची कॉलर धरली. हात न झटकता म्हणाला, "ताई, यादी तिथूनच सुरू होते ना?"
जानेवारीत प्रशिक्षणाला जातोय. पुढे बहुधा अफगाणिस्तान.