ह्यांच्या चपला

८ फेब्रुवारी १९७६, रविवार
सकाळी भावजी आले कल्याणहून. चहा होईपर्यंत पाण्याचं, भाजीच्या भावाचं बोलत बसले, तेव्हाच ओळखलं की गाडी दुसऱ्याच रुळावर जाणार आहे. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, फाल्गुनात दादाला नाहीसं होऊन बारा वर्षं होतील. आईचं म्हणणं आहे, दादाचा पालाशविधी करून टाकावा. गुरुजींशी बोललोय मी."

म्हणजे पळसाच्या पानादेठांचा माणूस करायचा, दर्भाने बांधायचा, त्याला ह्यांचं नाव द्यायचं आणि उल्हास नदीच्या काठावर जाळायचा. मग मी कुंकू पुसायचं. शेवटचं भावजी बोलले नाहीत, खाली फरशीकडे पाहत राहिले. त्यांचा राग येत नाही. धाकट्या दिराने थोरल्या भावजयीला हे सांगायचं म्हणजे काय सोपं आहे?

"बघते" म्हटलं. वासंती आतल्या खोलीत इतिहास वाचत होती. मोठ्याने वाचत होती, ती मध्येच गप्प झाली होती.

संध्याकाळी भावजींना स्टेशनवर सोडायला गेले. पुण्याची गाडी उभी होती, मागे घाटाचं इंजिन जोडत होते. निम्मी गाडी प्लॅटफॉर्मवर उतरून वडे खात होती. कर्जतच्या माणसाला कोणी घड्याळ दाखवू नये. इंजिन लागलं की डब्याला मागून हिसका बसतो, तो बसला की चढायचं. तोवर वेळच वेळ. हे तर हिसका बसल्यावरही वड्याचे पैसे देत उभे राहायचे, आणि मी खिडकीत जीव मुठीत धरून बसलेली असायची. "सुमन, गाडी आपल्याला सोडून जात नाही गं."

बोटीला हिसका बसत नाही.

९ फेब्रुवारी
शाळा. चौथीची तोंडी परीक्षा. हजेरीपटावर रोजच्यासारखं 'सौ.' लिहिलं आणि हात थांबला. हेडमास्तरांनी पाहिलं. त्यांना काही कळलेलं नाही, पण कर्जतात कळायला किती वेळ लागतो?

आईंनी जेवताना विषय काढला. सासू म्हणून बोलल्याच नाहीत, आई म्हणून बोलल्या. "तो तहानलाय गं. रोज पहाटे येतो, ओसरीवर बसतो माझ्याकडे पाठ करून. मी म्हणते, बाळ, पाणी देऊ? तर मान हलवत नाही. विधी झाला नाही तोवर त्याला माझ्या हातचं पाणी चालत नाही." आईंना ऐंशी होत आले. त्या गेल्यावर त्याला विचारणारं कोण, ही त्यांची धास्ती. मी कालवणात मीठ घातलं, मग परत घातलं. वासंतीने निमूट खाल्लं.

१२ फेब्रुवारी
हिराबाई दूध घालायला आली कडावाहून. आईंनी तिला पळसाची पानं आणायला सांगितली, पळसदरीच्या वाटेवरची, देठांसकट.

"कशाला वो आजी? जेवनावळ हाय का?"

आईंनी सांगितलं. हिराबाईने दुधाची किटली खाली ठेवली. ह्यांना ती लहानपणापासून ओळखते, ह्यांच्या मुंजीत तिच्या आईने भाकऱ्या थापल्या होत्या. म्हणाली, "पत्रावळीला हवी तेवढी आनीन. मानसाची पानं वयनींनी सांगितल्याबिगर मी तोडायची नाय." आणि माझ्याकडे न बघता गेली.

झालं. म्हणजे सगळं येऊन माझ्याच पदरात पडलं. भावजी म्हणतात वहिनींनी ठरवावं, गुरुजी म्हणतात घरच्या लक्ष्मीची संमती हवी, आता दूधवालीसुद्धा.

आज कितीतरी दिवसांनी ते सगळं मनात लावून पाहिलं. नवस फेडायला देवीला गोव्याला निघालो होतो. वासंती चार वर्षांची. हे पहाटेच पुढे गेले भाऊच्या धक्क्यावर, जागा धरायला. आई, मी आणि वासंती, आम्ही तिघी मागून गेलो तर वरच्या डेकवर, कठड्यालगत, हवेशीर जागा. सतरंजी अंथरलेली, एका कोपऱ्यावर ट्रंक, एकावर तांब्या, तिसऱ्यावर ह्यांच्या चपला. बोटीवर असंच करतात. सतरंजी अंथरली की ती जागा तुमची, मग तिच्यावर कोणी पाय देत नाही. बाजूचा म्हणाला, आत्ता इथेच होते. भोंगा झाला. शेजारच्या बाईने विचारलं ही जागा कोणाची, मी म्हटलं, "ह्यांची. खाली गेलेत." बोट कधी सुटली ते मला कळलंच नाही. किनारा मागे सरकतोय असं वाटलं. दुपारी शोधायला लागलो. मग रत्नागिरी, मग पोलीस, मग...

चपला मी परत आणल्या. ट्रंकेच्या तळाशी आहेत.

१५ फेब्रुवारी, रविवार
आईंना सांगून टाकलं. त्याच बोटीने एकदा जाऊन येते. सगळ्यांच्या आधी चढते, त्याच जागी बसते. मग तुम्ही म्हणाल ते करा.

त्या वाद घालतील वाटलं होतं. म्हणाल्या, "जा. आणि त्याला तांब्याभर पाणी ने."

वासंती सोबत येणार. तिला बोटीचं भारी अप्रूप. मैत्रिणींना सांगून आली की आम्ही गोव्याला सहलीला चाललोय. मी खोडून काढलं नाही. बाप कसा दिसतो हे तिला लग्नातल्या फोटोवरून माहीत, आणि त्या फोटोत ह्यांचं अर्धं तोंड मुंडावळ्यांनी झाकलंय.

२० फेब्रुवारी
मुंबईत मामेबहिणीकडे, माझगावला. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबं. तिच्या मिस्टरांनी विचारलं, इतक्या लवकर कशाला जाता, हमाल धरेल की जागा. मी म्हटलं, आम्ही कर्जतचे, आम्हाला गाडी चुकायची भीती. सगळे हसले.

झोप नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार. बोटीवर.
उजाडता उजाडता धक्क्यावर होतो. आमच्या पुढे थोडीशीच माणसं, सगळी सतरंज्या काखेत मारून, शर्यतीला उभी असल्यासारखी. बोटीवर चढायची फळी लागली तशी मी धावले. पंचेचाळीसाव्या वर्षी, नऊवारी नव्हे पाचवारी असूनही घोट्यात येत होती. वासंती मागून "आई, अगं आई" करतेय. कठड्यालगतची जागा मिळाली. तीच असेल असं नाही, बोट तरी तीच आहे का देव जाणे. पण उजवीकडे दोराचं वेटोळं, डोक्यावर ताडपत्री, तसंच सगळं.

तीच सतरंजी. ट्रंक, तांब्या, आणि तिसऱ्या कोपऱ्यावर ह्यांच्या चपला. अंगठ्याचा खड्डा अजून आहे. चौथ्या कोपऱ्यावर माझ्या ठेवल्या.

वासंतीला बसवलं आणि अनवाणी खाली गेले. हेच तर बघायचं होतं. बारा वर्षं सगळे म्हणतात, चपला ठेवून माणूस लांब जात नाही, म्हणजे पाण्यातच. मीही तेच म्हणत आले. फळी उतरले. कोणी अडवलं नाही. शेडमधून बाहेर आले, चहाच्या टपरीपाशी उभी राहिले. निम्मे हमाल अनवाणी, माझ्या पायांकडे कोण बघतंय? चहा घेतला. समोर रस्ता. टांगे, ट्रक, माणसं. मनात आणलं असतं तर तशीच चालत गेले असते. पायाला काही टोचलंही नाही.

इतकं सोपं होतं हे.

परत चढले. पाण्यात गेले असतील तर मी विधवा. फळीवरून उतरून गेले असतील तर मी टाकलेली. घरात भांडण नव्हतं. मला तरी कधी दिसलं नाही. यातलं कुठलं बरं, असं कोणी विचारलं तर मी...

गर्दी झाली. शेजारी वेंगुर्ल्याची एक बाई, टोपल्या, पोतं, दोन कोंबड्या. आमच्या सतरंजीवरच्या रिकाम्या भागाकडे बोट दाखवून, "ह्यो जागो कोणाचो गे बाय?"

"ह्यांची. खाली गेलेत."

तोंडातून निघूनच गेलं. वासंतीने माझ्याकडे पाहिलं. मी ताडपत्रीकडे पाहिलं. बाईने मान डोलावली आणि त्या क्षणापासून त्या जागेची राखणदार झाली. एकाने पिशवी टेकवली तर त्याच्यावर खेकसली, "माणूस येवचो आसा थंय!" भोंगा झाला. या वेळी मी कठडा धरून उभी होते. बोट सुटताना मी पाहिली. सुटते ती हळूच सुटते, खाली पाण्याची पट्टी दिसते, आधी पायरीएवढी, मग ओसरीएवढी.

बाई म्हणाली, "अजून येवक नाय ते?"

"येतील."

दुपारनंतर दोघींना बोट लागली, पोटाने कर्जतपण दाखवलं. लिंबं कामी आली. त्या जागेवर मात्र आम्ही पायसुद्धा लांब केला नाही. वासंती नेहमी चारी अंगांनी पसरून झोपते, आज गठडी वळून निजली आहे. तांब्यातलं पाणी तसंच भरलेलं ठेवलंय.

२२ फेब्रुवारी, पणजी
शांतपणे लिहिते.

फटफटताना जाग आली ती बाईच्या आवाजाने. पान लावत होती. "तुमचे घोव येवन गेले मगे. हंयच बसले हुते, पाठमोरे, दर्याकडे बघीत. तुमका उठवूया म्हटलंय, पण म्हटलंय निजांदे बिचारी."

ह्यांचे कपडे काय होते विचारलं. "सफेत सदरो." बोटीवर दर दुसऱ्या माणसाचा सदरा पांढरा. कोणीतरी रिकामी जागा पाहून टेकला असेल. असणारच. पण आईंच्या पहाटेच्या माणसाबद्दल मी त्या बाईला एक अक्षर बोलले नव्हते.

मग पाहिलं तर चपला नाहीत. माझ्या आहेत. वासंतीचे नवेकोरे सँडल आहेत, चोराला तेच आवडायला हवे होते. ह्यांच्या तेवढ्या नाहीत. खलाशाला विचारलं, तो हसला. "बोट कलते बाई, गेल्या असतील सरकत पाण्यात." मग माझ्या का नाही सरकल्या? तांब्या जागचा हलला नव्हता. पाणी तेवढंच होतं की कमी, ते आता खात्रीने सांगता येत नाही.

वासंती रडली. मी नाही. देवीच्या देवळात ओटी भरली तेव्हा पुजाऱ्याने माझ्या कपाळावर कुंकू लावलं, ते नाकावर सांडलं. पुसावंसं वाटेना.

२५ फेब्रुवारी, घरी
आईंना सगळं सांगितलं. लपवून काय करायचं? त्यांनी हात जोडले. डोळे मिटले. मग चेहरा असा निवळला की मला त्यांचा हेवा वाटला.

"अनवाणी गेला होता माझा बाळ. त्या वाटेला वाळू तापलेली असते, वहाणा लागतात. म्हणून बाराव्याला दान देतात. त्या न्यायलाच आला होता. आता मार्गाला लागला. सुमन, पुढचं करून टाकू."

मी हो ला हो केलं. पण मला वाटतं ते उलटंच आहे. चपला चालणाऱ्या माणसाला लागतात. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी रस्त्यावर, ज्याच्या पायाखाली खडे आहेत अशा माणसाला. एकच गोष्ट, आणि त्यांना मुलगा मेलेला दिसतो, मला नवरा जिवंत दिसतो. आणि जिवंत असून बारा वर्षं आला नाही, हेही दिसतं. राग येतो. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, मग रागावण्याचं एवढं एक सुख मला विधी करून घालवायचं आहे का?

आईंना कालपासून ताप आहे. पहाटेचा माणूस आला नाही म्हणाल्या.

२ मार्च
हिराबाई दारात उभी राहिली. किटली हातातच. "काय वयनी, आनू का?"

आईंच्या खोलीचं दार उघडं होतं. आतून काही आवाज नव्हता, म्हणजे त्या ऐकत होत्या. ऐंशी वर्षांची बाई श्वास धरून पडलेली.

"आण" म्हटलं.

"मनापासनं सांगताय ना?"

"आईंच्या मनापासून सांगतेय."

हिराबाईने दूध मापलं, वर थोडं जास्त घातलं. "तुमची सासू लय जगली त्येच्यासाठी," म्हणाली. "आता तिला निजू द्या." पळसदरीच्या बाजूला पळस फुललाय म्हणे, पानं थोडी आहेत, हिंडावं लागेल.

४ मार्च
भावजी, गुरुजी, सामानाची यादी. दानात वहाणांचा जोड हवा. भावजी आणतो म्हणाले, मी म्हटलं मी आणते.

बाजारात दुकानदाराने विचारलं माप कुणाचं. गुरुजींचा पाय लहान, बायकी. मी ह्यांचं माप सांगितलं. पटकन आलं तोंडावर, वासंतीच्या जन्मतारखेसारखं. दुकानदार म्हणाला, "साहेबांना पायात घालून बघायला पाठवा, नाही बसल्या तर बदलून देईन."

"बरं" म्हणाले.

५ मार्च
उद्या सकाळी नदीवर. पानं आली आहेत, ओल्या फडक्यात गुंडाळून मागच्या पडवीत ठेवली आहेत. वासंती तिकडून जात नाही, परसात जायला पुढच्या दाराने वळसा घालते. आईंचा ताप उतरला. आज आपल्या हाताने भात जेवल्या. उद्या मला काय करावं लागेल ते बोलायला शेजारच्या काकू आल्या होत्या, नुसत्या माझ्या हातातल्या बांगड्यांवर हात ठेवून बसून राहिल्या.

संध्याकाळी दिवा लावला आणि नवा जोड दाराशी ठेवायला नेला. सकाळी विसरायला नको. गुरुजींना द्यायचा, म्हणजे पुढची बाजू रस्त्याकडे हवी. तशा ठेवल्या. निघालेल्या माणसाच्या दिसल्या. उलट करून ठेवल्या. आत्ताच कोणी येऊन आत हातपाय धुतोय असं वाटलं. पुन्हा फिरवल्या.

"सुमन, दारात काय करतेस?" आईंनी आतून हाक मारली.

"काही नाही. येते."

चपलांची पुढची बाजू घराकडे करून आले आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून फिरवीन. कडी लावलेली नाही, दार नुसतं लोटलंय.