वेंगुर्ले बंदरातील खिळ्यांचे दुकान आणि त्यातील माझा निम्मा हिस्सा

मी, मृण्मयी शैलेश केळुसकर, वय सत्तावीस, मूळ गाव वेंगुर्ले, सध्या राहणार पिरंगुट, तालुका मुळशी, येथील कारखान्यात तपासणी विभागात नोकरीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वहस्ते लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत.

१. बँकेतील शिल्लक व भविष्यनिर्वाह निधी आईला. त्यातले काहीही तिने दुकानात घालू नये.

२. माझी मोजमापाची हत्यारे भाऊ निषाद याला. त्याने ती वापरावीत, कपाटात जपून ठेवू नयेत.

३. आता दुकान. खापरपणजोबांनी ते १८९१ साली, बंदराला इंग्रजांच्या आगबोटी लागत त्या काळात काढले. होड्यांचे खिळे, साखळ्या, कड्या विकत आलो. तांब्याचे खिळे देताना गिऱ्हाइकासमोर त्यावर लोहचुंबक फिरवायचे, ही आमची रीत. चिकटला तर खिळा आतून लोखंडी, आणि खाऱ्या पाण्यात तो गंजतो. २०१९ मध्ये मी घरातली पहिली पदवीधर झाले, तेव्हा आजोबांनी निम्मे दुकान नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या नावे केले.

त्याच महिन्यात बंदरावरचे मच्छीमार जनार्दनकाका आपल्या होडीच्या दुरुस्तीसाठी खिळे न्यायला आले. आजोबा म्हणाले, "गो, लोहचुंबक फिरव आधी." नव्या खोक्यावर शुद्ध तांबे असे छापले होते, आत प्रमाणपत्र होते. मी ते वाचून दाखवले आणि लोहचुंबक नको म्हटले. जनार्दनकाका माझ्याकडे बोट दाखवत आजोबांना हसले. "बीएस्सी झालेला चेडू सांगता, आता तुमचा कोण ऐकतला?" आजोबांनी लोहचुंबक खणात ठेवले आणि खिळे तोलून दिले.

दीड वर्षाने भर समुद्रात होडीच्या फळ्या सुटल्या. जनार्दनकाका परत आले नाहीत. मी उरलेल्या खोक्यांतल्या खिळ्यांवर लोहचुंबक फिरवले, सगळे खिळे चिकटले. बाबांनी ती खोकी खाडीत टाकली आणि मला म्हणाले, "गप रव. एवढ्या वर्साचा दुकान बुडवतलंस?" मी गप्प राहिले. होडी जनार्दनकाकांनी स्वतः दुरुस्त केली होती, म्हणून गाव आजही त्यांचेच काम कच्चे होते असे म्हणते, आणि त्यांच्या पत्नी अनसूयाकाकी ते ऐकून घेतात.

तरी माझा निम्मा हिस्सा अनसूया जनार्दन यांना मिळावा. ही नुकसानभरपाई नाही, तेवढी ऐपत कोणाचीच नाही. बाबांनी हे कलम बंदरावर, चार लोकांसमोर वाचावे.

४. घरमालकीण साळूबाई यांना साक्षीसाठी हे वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरी, मेल्यावर का सांगतीयास? जित्ती हायेस न्हवं आज?"

मी म्हटले, बाबांना त्रास होईल.

"आन् त्या बाईला व्हत न्हाई व्हय?"

म्हणून कलम तीन माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. याची एक प्रत आज सकाळी नोंदणी टपालाने अनसूयाकाकींना पाठवली. दुसरी बाबांना. सोमवारनंतर मी असले, तर त्या जे विचारतील त्याला तोंड द्यायला वेंगुर्ल्याला जाईन.

वरील मजकूर माझाच असून तो मी साक्षीदारांसमोर वाचून सही केली आहे.

मृण्मयी शैलेश केळुसकर

साक्षीदार:
१. साळूबाई, घरमालकीण, पिरंगुट (डाव्या हाताचा अंगठा)
२. निरंजन, सहकारी, राहणार घोटावडे (सही)

पिरंगुट, १४ नोव्हेंबर २०२५