स्टिक्सच्या पिशवीतली निळी डबी

ए धडाम,

मी कामावर निघाले. तू गाढ झोपली होतीस म्हणून ही चिठ्ठी. तुझ्या ड्रमच्या स्टिक्सच्या पिशवीत एक निळी डबी ठेवली आहे. तिच्यात इअरप्लग आहेत. बाबांनी स्वतः जाऊन आणलेत, पण तुला सांगायचं काम माझ्यावर ढकललंय. आज स्टेजवर चढण्याआधी ते कानात घालायचे. नाक मुरडायचं नाही.

तुझ्या वयाची असताना मी मुद्दाम स्पीकरला चिकटून उभी राहायचे, कारण तिथूनच ड्रम वाजवणारा नीट दिसायचा. काय वाजवायचा गं! घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, तरी मधूनच माझ्याकडे बघून हसायचा. परतताना दोघांचेही कान नुसते गुणगुणत असायचे. कान वाजले म्हणजे कार्यक्रम रंगला, असं आमच्या सगळ्या ग्रुपचं गणित होतं. नाही वाजले तर आम्ही हळहळायचो. खुळेच होतो.

माझे कान वाजायचे थांबले. बाबांचे थांबलेच नाहीत. दाराची बेल ऐकू येत नाही आणि आतली शिटी मात्र रात्रंदिवस चालू.

सकाळी चहा करताना मी अजून त्या दिवसांतलं एखादं गाणं म्हणते. ते माझ्या ओठांकडे बघतात आणि टेबलावर बोटांनी ठेका धरतात. ठेका असतो भलत्याच गाण्याचा. मग मी हळूच गाणं बदलते.

आई