आठ कॉलमी मथळा आणि सातव्या पानावरच्या चार ओळी

मी, वय वर्षे एकाहत्तर, एका सायंदैनिकाचा निवृत्त मुख्य उपसंपादक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. लावायला घरात कोणी उरलेलेही नाही. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली, मूलबाळ नाही. रक्तदाब सोडता प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या मरणाचे मथळे दिले, स्वतःच्या मरणाची तजवीज करायची वेळ आली तेव्हा मात्र तीन वर्षे चालढकल केली.

कलम १. माझ्या मथळ्यांच्या कात्रणांच्या चौदा वह्या शहर वाचनालयाला द्याव्यात. मथळ्यांचे पुढे काय झाले हे वह्यांत नाही, म्हणून ग्रंथपालबाईंसाठी इथे थोडे लिहून ठेवतो.

पहिल्या वहीत ‘उद्या शहरात पाणी नाही’ हा मथळा आहे. बातमी एका गल्लीपुरती होती. पण ‘एका गल्लीत’ हे शब्द जागेत बसेनात, म्हणून मी सगळे शहर कोरडे करून टाकले. त्या संध्याकाळी लोकांनी बादल्या, पातेली, फुलदाण्यासुद्धा भरून ठेवल्या. टाकी रिकामी झाली आणि दुसऱ्या दिवशी शहरात खरोखरच पाणी आले नाही. संपादकांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, “आपली बातमी चुकत नाही.”

तिसऱ्या वहीत ‘नव्या पुलाला तडा’. तो तडा नव्हता, फोटोच्या निगेटिव्हवरचा ओरखडा होता. आम्हाला खोटे पाडायला बांधकाम खात्याने माणसे पाठवली. त्यांनी पूल खालून-वरून तपासला आणि पलीकडच्या अंगाला दोन खरे तडे निघाले. त्याबद्दल मला भिंतीवरचे घड्याळ बक्षीस मिळाले. ते आमच्या छायाचित्रकाराला द्यावे. ओरखडा त्याचा होता.

कलम २. पोलादी पट्टी आणि मोठी कात्री सध्या माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला द्यावी. तिला कात्री लागत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी टेबलावर ठेवावी. जरा जपून लिहिले जाते. माझे श्रवणयंत्र ज्यांना आम्ही सगळे ‘अग्रलेख’ म्हणायचो त्या सहकाऱ्यांना द्यावे. ते कानाला लावून त्यांनी स्वतःचे एक भाषण शेवटपर्यंत ऐकावे, एवढीच अट. संपादकांना काहीही देत नाही. कारण पुढच्या कलमात येईल, पण त्यातला मोठा वाटा माझा आहे हेही तिथेच येईल.

कलम ३. राहते घर, दोन खोल्या आणि मागची गॅलरी, माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांना द्यावे. बँकेतली सगळी ठेव माझ्या मरणानंतर आमच्याच दैनिकाच्या पहिल्या पानावर, आठही कॉलम भरून, ‘भांडारपाल निर्दोष’ एवढे दोन शब्द छापण्यासाठी वापरावी. जाहिरात म्हणून छापावे लागले तरी चालेल.

याचे कारण सांगतो. आमची पाने दुपारी दोनला छपाईला जात आणि न्यायालयाचे निकाल अडीच-तीनला लागत. म्हणून निकालाचा मथळा आम्ही अंदाजाने आधीच लावून मोकळे व्हायचो. अंदाज बहुतेक वेळा खरा ठरायचा, आणि त्यातच आम्ही शेफारलो. एकोणतीस वर्षांपूर्वी रुग्णालयातल्या औषधचोरीचा निकाल होता. आरोपी होते तिथले भांडारपाल, म्हणजे माझे भाऊजी. संपादक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “घरचा माणूस आहे, तुम्हाला जड जात असेल तर दुसऱ्याला सांगतो.” मला ते झोंबले. मी म्हटलं, “माझ्याकडे घरचं-दारचं काही नसतं.” आणि ते दाखवायला तीन कॉलमांची बातमी मी आठ कॉलमांत लावली: ‘औषधचोरीत भांडारपाल दोषी’. भाऊजींनी चोरी केली असेल, असे मला एक क्षणही वाटले नव्हते. तरी लावली. मला निःपक्षपाती म्हणवून घ्यायचे होते, दुसरे काही नाही.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी ते निर्दोष सुटले. तोवर अंक चौकाचौकांत पोचले होते. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला, सातव्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली, चार ओळी. ‘पहिल्या पानावर घ्या’ असे मी संपादकांना एकदा म्हणालो. ते नाही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

रुग्णालयाने भाऊजींना परत घेतले, पण औषधांच्या किल्ल्या काही हातात दिल्या नाहीत. दारावर उभे केले. दारवान म्हणूनच ते निवृत्त झाले. भाची तेव्हा अकरा वर्षांची होती, तिला शाळेत चोराची पोर म्हणत. ताईने माझ्याशी बोलणे टाकले, ते एकोणतीस वर्षे.

कलम ४. हे कलम नंतर लिहिले आहे. वर घराबद्दल लिहिलेल्या वाक्यावर वकीलसाहेबांनी रेघ मारली आहे, ती खरी धरावी.

घर द्यायचे तर घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता हवा, म्हणून मी ताईच्या दारात गेलो. दार भाऊजींनी उघडले. वय एकोणऐंशी, पाठीत वाकलेले. मी कागद पुढे केला. त्यांनी भिंग आणून खुर्चीत बसून सगळे वाचले. ताई स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. मला बस म्हणाली नाही, जा असेही म्हणाली नाही.

वाचून झाल्यावर भाऊजी म्हणाले, “घर नको. लोक म्हणतील, तोंड बंद ठेवल्याबद्दल मिळालं.”

मी म्हटलं, “मग मी काय करू, भाऊजी?”

“द्यायचंच असेल तर पोरीला दे. तिनं शाळेत ऐकून घेतलंय. आणि हे तू मेल्यावर छापणार? तोवर मी काय वाचायला बसणार आहे का?”

ताई चौकटीतूनच म्हणाली, “मेल्यावर माफी मागणं सोपं असतं. समोर कोणी नसतं.”

मी भित्रा माणूस आहे, हे इथे लिहून ठेवतो.

सबब: घर भाचीला द्यावे. बँकेतली ठेव आता उरलेली नाही. ती या गुरुवारी वापरली गेली. मथळा पहिल्या पानावर, आठ कॉलमांत छापून आला. अंकांचा गठ्ठा घेऊन मी स्वतः ताईकडे गेलो. भाऊजींनी एक अंक उघडून पाहिला, घडी घातली, गठ्ठा बगलेत मारला आणि जिना चढू लागले. प्रत्येक दाराच्या कडीत एकेक अंक अडकवत चौथ्या मजल्यापर्यंत गेले. मी मागून चालत होतो. त्यांतल्या दोनच घरांत आता तेव्हाची माणसे राहतात. बाकीचे वारले किंवा घर बदलून गेले. तरी भाऊजींनी एकही दार सोडले नाही.

ताईने त्या दिवशी मला पाणी दिले.

कलम ५. मी गेल्याची बातमी द्यायची झाल्यास एक कॉलम पुरे. आधी खात्री करून घ्यावी.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

स्थळ: ताईचे घर, पुढची खोली
दिनांक: मथळा छापून आल्यानंतरचा तिसरा दिवस, रविवार, सकाळी अकरा

सही: निवृत्त मुख्य उपसंपादक

साक्षीदार पहिले: ग्रंथपालबाई, शहर वाचनालय. (सही)

साक्षीदार दुसरे: माझे भाऊजी. या मृत्युपत्रातून त्यांना काहीही मिळत नाही, म्हणून त्यांची साक्ष चालते, असे वकीलसाहेबांनी सांगितले. हुद्द्याच्या जागी मी ‘निवृत्त कर्मचारी, रुग्णालय’ असे लिहिले होते. त्यांनी ते खोडायला लावले आणि पेन माझ्या हातून घेऊन स्वतः लिहिले:

भांडारपाल. (सही)