तुम्ही न हरवलेली किल्ली

प्रिय अक्का,

माझी शाळा तिसरीपर्यंतची, आणि पत्र लिहायला घेतलंय ते गेलेल्या जावेला! हसाल तुम्ही. पण आज घरात नवा फ्रिज आला आणि दुपारचं ताट मी तसंच झाकून ठेवलं, म्हणून बसले लिहायला.

फ्रिज कसा आहे म्हणून सांगू! कपाटाएवढा, दोन दारांचा. नात पिंकी सकाळपासून तो लावत होती. मिरच्या देठं काढून कागदात, कोथिंबीर निवडून डब्यात, दूध-दही वर, भरताची वांगी खालच्या खणात. केळी मात्र मी ओढून बाहेर काढली. म्हटलं, "जळगावची ना गं तू? केळी काळी पडतात फ्रिजात!" मला एवढं छान वाटत होतं, काय सांगू.

आणि पोरगी म्हणाली, "आजी, याला किल्लीच नाही बघ. अक्काआजी असत्या तर बरं झालं असतं, हरवायलाच काही नाही!"

सगळे हसले. मीपण हसले. हसले हो, अक्का!

अजून कोणाचा चष्मा सापडेना की घरात म्हणतात, "अक्कानं ठेवला असेल." पिंकीनं तुम्हाला पाहिलंसुद्धा नाही. तिला तुमची एवढीच ओळख.

जुना लाल फ्रिज आठवतो ना, कुलपाचा? तुम्ही भरताची वाटी उघडीच ठेवलीत आणि दुधाला लसणाचा वास लागला. नेमके त्याच दिवशी व्याही आले! त्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मी तुम्हाला काही बोलले नाही. बोलून भांडले असते तर बरं झालं असतं! दुसऱ्या दिवशी लेकीकडे पाचोऱ्याला निघाले, तर फ्रिजला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या पिशवीत. आत होतं काय? चार लिंबं आणि बर्फ. तेवढ्यासाठी! आणि तेही मे महिन्यात!

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तुमच्या डोळ्यांचे थेंब दिले, थंड जागी ठेवायला सांगितले. आठ दिवसांनी मी परत आले तर बाटली कुठे? माठाखालच्या ओल्या वाळूत, फडक्यात गुंडाळलेली! मी विचारलं, तर धुळ्याकडच्या तुमच्या बोलीत म्हणालात, "आठे बी थंडंच शे ना, बाई." इथंही थंडच, म्हणे!

तेवढ्यात आमचे हे ओट्यावरून ओरडले, "वहिनीनं फ्रिजची किल्ली हरवली! आठ दिवस बर्फाचा खडा नाही घरात!"

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली मान घालून माठ पुसत होतात. माझ्यावर यांनी ओरडू नये म्हणून तुम्ही आपल्याच अंगावर घेतलं होतं ना? किल्ली तेव्हा माझ्या कमरेला टोचत होती. एक शब्द बोलायचा होता मला. एकच!

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी ती तुमच्या सुई-दोऱ्याच्या डब्यात टाकली आणि मीच शोधून काढली. "सापडली, सापडली! अक्कांच्या डब्यात होती!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला कळलं होतं. तरी म्हणालात, "मनं डोकंच ठिकाणावर नई, बाई," आणि आत गेलात. तेव्हापासून तुम्ही विसराळू ठरलात, आणि मी शहाणी!

अक्का, का नाही बोललात? माझी वेणी धरायची होती चारचौघांत! तुमच्या त्या गप्प राहण्याचा मला रागही येतो. बघा, अजून तुम्हालाच बोल लावतेय.

किल्ली माझ्या पिशवीतच आहे. उद्या माणूस जुना फ्रिज न्यायला येईल, त्याला ती देणार नाही. आज संध्याकाळी सगळे जेवायला बसले की ताटाशेजारी ठेवीन आणि सांगेन, ही हरवली नव्हती, माझ्या कमरेला होती. पिंकी दोन दिवस बोलणार नाही माझ्याशी. चालेल. यापुढे कोणाचा चष्मा सापडला नाही तर म्हणू दे खुशाल, "लीलाआजीनं लपवला असेल."

भरीत केलंय. वाटी नव्या फ्रिजात सगळ्यात वरच्या खणात ठेवलीय. झाकण लावलंय हं, अक्का.

तुमची धाकटी जाऊ,
लीला