माहेरच्या नावाचा रकाना

मंगळवार, संध्याकाळ

आज नातीच्या दवाखान्यात माझा भाव वधारला! शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आलीय, तापानं गुंगलेली. आधार कार्डावर नाव सायली. आमची डॉक्टर मीरा कॉम्प्युटरात शोधून दमली. "आजी, हिचा जुना कागदच नाही. कुठल्या गोळीनं हिच्या अंगावर पुरळ उठतं, कसं कळणार?"

"अगं, सासरी नाव बदललंय तिचं. पल्लवी घाल, पल्लवी!"

सापडलं. नेमकी तीच गोळी मीरा देणार होती! चौथी पास मी, पण उपयोगी पडले की नाही?

मग मीरानं सगळ्या बायकांसाठी माहेरच्या नावाचा रकाना केला. माझ्यामुळं रकाना, कॉम्प्युटरात! पहिली नोंद माझीच. "तुझं काय गं नाव होतं?" सांगताना जीभ अडखळली. द्वारका. तिनं लिहिलं आणि मोठ्यानं पुकारलं, "द्वारका, आत या!"

मी खरंच उठले.